प्रबंध जमा झाला, गावाला काय मिळालं?

कोरडवाहू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे इतिहासवाले, विज्ञानवाले, लोकसाहित्यवाले, दवाखान्यातले असे सगळ्या प्रकारचे संशोधक आहेत, म्हणून इथेच विचारते. ज्या लोकांकडून आपण माहिती घेतो, त्यांना काम संपल्यावर आपण काय परत देतो?

माझा विषय ऊसतोड करणाऱ्या बायकांचं काम आणि आरोग्य. बीड जिल्ह्यातली गावं, आणि हंगामात त्यांच्या मागोमाग कोल्हापूर-सांगलीकडचे फड. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, ती तोडीतून फेडायची. एक दिवस फडात गेलं नाही तर खाडा (दंड) लागतो, मग ताप असो की पाळी. गर्भाशय काढलेल्या बायकांच्या बातम्या आल्या, २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून या गावांत पत्रकार, संस्थावाले आणि आमच्यासारखे विद्यार्थी यांची रीघ लागली आहे.

एका फडावर मोळी बांधता बांधता एक मावशी मला म्हणाल्या, "तुझ्याआधी पण पोरी येऊन लिहून घेऊन गेल्या. असंच विचारलं, पिशवी कधी काढली, किती पैसे लागले. पुढं काय झालं गं त्याचं?" सूर भांडणाचा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या आधीच्या कामांतलं काहीच त्या गावापर्यंत पोचलेलं नाही.

माझा प्रबंध इंग्रजीत आहे. तो शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात, चढेल, पाच-दहा संशोधक उघडतील, संदर्भ देतील. फडावरच्या एकाही बाईला त्याचा उपयोग नाही. साड्या वाटणं, मुलांना वह्या देणं हे मी परतफेडीत धरत नाही. ती आपुलकी झाली. मला वाटतं, तुमच्या बोलण्यातून आम्हाला काय कळलं हे त्यांच्याच भाषेत त्यांना सांगणं हा संशोधनाचाच भाग आहे, आणि तो झाल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणू नये. तुमच्या तुमच्या विषयात तुम्ही हे कसं करता? करता का?

मोडीचा रुमाल

अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी जुने कागद वाचतो, म्हणजे माझे माहिती देणारे बहुतेक तीनशे वर्षांपूर्वी वारलेले. पण कागद ज्यांच्या माळ्यावर असतात ती माणसं जिवंत असतात, आणि त्यांचं देणं माझ्यावर असतंच.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दफ्तरं मिळवली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढायला सुरुवात केली. असे २२ खंड झाले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्यांच्या निष्कर्षांवर वाद घालायला भरपूर जागा आहे आणि घालावाही. पण ते मराठीतच लिहीत राहिले, त्यामुळे ज्या घराण्यानं कागद दिले त्या घराण्यातला शाळा शिकलेला मुलगा ते पुस्तक उघडून वाचू शकत होता. आज आपण जातो, रुमाल (जुन्या कागदांची कापडी गाठोडी) सोडतो, मोबाइलवर पटापट फोटो काढतो, चहा घेतो आणि निघतो. त्या घराला कागदात काय आहे ते कळतच नाही.

मी एक पथ्य पाळतो. जेवढे कागद माझ्या कामाचे, त्यांचं मोडीतून बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर आणि खाली सोप्या मराठीत दोन-चार ओळी, असं बाड बांधून घरी नेऊन देतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जमिनीचा काही कागद निघाला का?" त्यात आशा असते आणि धास्तीही असते, कारण भाऊबंदकीतले खटले अजून चालू असतात. म्हणून कागद द्यायचा तो घरातल्या सगळ्यांसमोर द्यायचा, एकट्यादुकट्याच्या हातात नाही. हे शिकायला अभिलेखागारात बसून उपयोग नाही.

सदाफुली

वाचतेय. फार चांगला धागा.

तासिका तत्त्व

सगळ्यांचं पटतंय, पण कुणीतरी पैशाचं बोलायला हवं, म्हणून मी बोलतो.

मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, शिकवतो. नेट झालंय, पीएचडी झालीय, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून उन्हाळ्यात पगार नाही. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० झाली, ती ज्याला मिळते त्याचं ठीक. पण मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याला आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षं मिळतात वर्षाला १०,०००. त्यात एसटीची भाडी, झेरॉक्स, पुस्तकं, सगळं आलं. आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी आंदोलनं करावी लागली आहेत, आझाद मैदानात बसावं लागलं आहे. अशा माणसानं गावासाठी पुस्तिका छापायची ती कुणाच्या खिशातून?

दुसरं गुणांचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्राध्यापक नेमणुकीच्या २०१८ च्या नियमावलीत मानव्यविद्येच्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. पुस्तकाच्या भाषांतराला ८. गावासाठी लिहिलेल्या मराठी पुस्तिकेला, ग्रामसभेत केलेल्या मांडणीला, वर्तमानपत्रातल्या लेखाला शून्य. मुलाखतीला बसलं की समोरची समिती तक्ता बघते. मला मनापासून वाटतं की गावात परत जावं, आणि मी जातोही. पण जी गोष्ट व्यवस्थेनं मोजायचीच नाही असं ठरवलंय ती फक्त आपल्या चांगुलपणावर चालणार असेल, तर ती करणारे थोडेच राहतील आणि तेही थकतील.

खोडदची वाट

भौतिकीवाल्यांना वाटतं हा प्रश्न आपला नाही. आपण आकाशाकडून माहिती घेतो, त्याला काय परत द्यायचं! पण आमचंही देणं आहे.

जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींच्या जवळ, बाकीच्या १६ तीन दिशांना, एकूण सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, शेतांच्या आणि वाड्यांच्या मधून. आम्ही ज्या लहरी पकडतो त्या इतक्या क्षीण असतात की आसपासच्या विजेच्या आणि मोबाइलच्या गोंगाटात हरवून जातात. म्हणजे आमचं संशोधन परिसरातल्या माणसांच्या सहकार्यावर उभं आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी दुर्बीण लोकांसाठी खुली असते. शाळांची मुलं प्रकल्प घेऊन येतात, द्राक्षबागायतदार घरच्यांना घेऊन येतात, आणि प्रश्न विचारतात. "एवढ्या मोठ्या ताटलीत दिसतं काय?" याचं उत्तर नीट मराठीत देता आलं, तर आपल्याला आपला विषय कळला असं मी समजते.

नारळीकर सरांची एक पद्धत पुष्कळांना माहीत असेल. मुलं सही मागायची, तर ते सांगायचे, सही देणार नाही, पण पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. आणि ते उत्तर पाठवायचे. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. गेल्या पिढीतल्या एवढ्या मोठ्या माणसाला त्यासाठी वेळ काढता आला. तासिका तत्त्व यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, पण एक पोस्टकार्ड आपल्यालाही परवडतं.

दवाखाना आणि डोंगर

सार्वजनिक आरोग्यात काम करतो. आमच्याकडे निदान कागदावर तरी हे बंधनकारक आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नीतितत्त्वांत संशोधनाचे निष्कर्ष आणि लाभ समाजापर्यंत पोचवण्याबद्दल स्पष्ट म्हटलंय. प्रत्यक्षात संमतिपत्रावर अंगठा घेतला की पुष्कळांना ते कलम आठवत नाही. आणि ते संमतिपत्रकही असं मराठी असतं की वाचून दाखवणारी आशाताईच मध्ये थांबून विचारते, "डॉक्टर, याचा अर्थ काय?"

चांगलं उदाहरण आपल्याच राज्यातलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो अभ्यास केला, तो १९९९ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात आला. पण त्यातलं ज्ञान वापरणाऱ्या कोण होत्या, तर गावातल्याच प्रशिक्षण घेतलेल्या बायका. पुढे २००१ मध्ये बालमृत्यूंवरचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल मराठीत काढला गेला आणि त्याची चर्चा विधिमंडळापर्यंत गेली. मराठी अहवालाला जो धक्का देता आला तो नुसत्या इंग्रजी नियतकालिकात छापलेल्या आकड्यांना देता आला असता असं मला वाटत नाही.

एक इशारा मात्र देतो. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नसतं. 'वय ३४, विधवा, दोन मुली, माहेर शेजारच्या तालुक्यात, शस्त्रक्रिया अमुक वर्षी' एवढं लिहिलं की पुण्यात बसलेल्या परीक्षकाला काही कळत नाही, पण गावातल्या पारावर बसलेल्या प्रत्येकाला कळतं ही कोण. प्रबंध शोधगंगेवर सगळ्यांना खुला असतो आणि आज गावागावात मोबाइल आहे. परत देताना हे आधी बघा.

जात्यावरची

डॉक्टरांचं बरोबर आहे, पण आमच्याकडे उलटं दुखणं आहे. लोकसाहित्यात वर्षानुवर्षं बायकांची गाणी 'पारंपरिक', 'अनामिक' म्हणून छापली गेली आणि गोळा करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर आलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावं. त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. पुढे तो सगळा संग्रह 'पारी'कडे (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या ऑनलाइन संग्रहाकडे) आला आणि त्यांची माणसं परत त्या गावांत गेली, ज्या हयात होत्या त्या बायकांना भेटली, त्यांच्याकडून पुन्हा ओव्या ऐकल्या, त्यांचं चित्रीकरण केलं. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात हे ऐकायला लावते. ज्या बाईनं सगळं आयुष्य 'अमक्याची आई' म्हणून काढलं, तिच्या ओवीखाली तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं असणं यापेक्षा मोठी परतफेड मला माहीत नाही.

तेव्हा नाव लपवायचं की छापायचं हे आपण ठरवू नये. तिला विचारावं. आजाराचं सांगणारी म्हणेल लपवा, गाणं सांगणारी म्हणेल छापा, आणि क्वचित आजाराचं सांगणारीही म्हणेल, "माझं नाव टाक, मी कुणाला भीत नाही." ते जबाबदारीनं पेलायची तयारी आपली हवी.

तंजावूरकर

मी दुसऱ्या बाजूचा, माहिती देणाऱ्यांच्या. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरी मराठी बोलतात. लहानपणी आमच्या आजीकडे संशोधक यायचे, तिचं बोलणं टेपवर घेऊन जायचे. आजी खुशीत असायची, डबेभर खाऊ करून ठेवायची. आजी गेली. त्या टेप कुठल्या विद्यापीठात आहेत हे घरात कुणाला ठाऊक नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राजांचे मोडी कागद जपून ठेवलेत आणि ते बघायला मिळतात. आमच्या आजीचा आवाज मात्र आम्हाला मिळत नाही. एक प्रत ज्याची त्याला द्या, एवढीच विनंती.

फडावरचा

धागा दोन दिवस वाचत होतो. लिहू का नको असं झालं, पण आता लिहितो.

माझे मायबाप ऊस तोडतात. मी सहावीपर्यंत त्यांच्याबरोबर फडावर जायचो, मग गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं म्हणून मागं राहिलो आणि शिकलो. आता एमए करतोय. शोधगंगेवर आमच्या भागावरचा एक प्रबंध सापडला. कुणाचा ते सांगत नाही. कोयता, उचल, खाडा, सगळं बरोबर लिहिलंय. मेहनत दिसते. पण एका ठिकाणी लिहिलंय की या पालकांना मुलांच्या शिक्षणाबद्दल आस्था कमी असते. माझी माय मला सोडून जाताना गाडीत बसून कारखान्यापर्यंत रडायची हे त्या तक्त्यात कुठं बसवणार? पोराला ठेवायचं कुणाजवळ हा प्रश्न असतो. आजी असेल तर ठेवतात, नसेल तर नेतात. पोरगी वयात आली की मागं ठेवायची भीती वाटते, म्हणून नेतात. घरातली आजी जिवंत आहे का, एवढं एक विचारलं असतं तर तो निष्कर्षच बदलला असता.

म्हणून ताई, माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. काम झाल्यावर आम्हाला पुस्तिका द्या, चांगलंच आहे. पण जमा करायच्या आधी आम्हाला वाचून दाखवा. छापून झाल्यावर आम्ही फक्त मान डोलावू शकतो. आधी दाखवलं तर चूक दुरुस्त करता येती.

कोरडवाहू (धागाकर्ती)

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. धाग्याला खरी दिशा तुमच्या प्रतिसादानं मिळाली.

मी असं एक वाचन वैशाखात केलं, टोळ्या गावी परतल्यावर, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. त्यात काय झालं ते सविस्तर सांगते, कारण तुमचं म्हणणं तिथे अक्षरशः खरं ठरलं. मी बायकांच्या कामाचे तास वाचून दाखवत होते. पहाटेपासून तोड, मग मोळ्या बांधणं, रात्री गाडी आली की डोक्यावरून मोळ्या चढवणं. मागे बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "आणि वाढ्याचं?" वाढं म्हणजे उसाचे वरचे हिरवे शेंडे. संध्याकाळी बायका ते बांधून जनावरांच्या चाऱ्यासाठी विकतात. त्याचे पैसे उचलीत जात नाहीत, मुकादमाच्या वहीत येत नाहीत, ते बाईच्या हातात येतात आणि त्यावर आठवड्याचा बाजार होतो. बसलेल्या सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. कुठल्या गावात वाढ्याला भाव येतो, कुठे शेतमालक ते नेऊ देत नाही, नवऱ्यानं ते पैसे मागितले तर काय होतं. उचलीवर माझ्याकडे पानंच्या पानं होती. बाईच्या हातातल्या पैशाचा एक आख्खा उपविभाग त्या तासाभरात उभा राहिला, आणि प्रबंधातला तो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

त्यामुळे तुमचं मी असं मांडीन: वाचून दाखवणं ही आमची तपासणी आहे. शोधनिबंध छापण्याआधी विषयातले दोन जाणकार तो वाचतात. मग ज्यांच्यावर लिहिलं ते जाणकार नाहीत का?

अंदाजे बरोबर

इथे माझी शंका आहे आणि ती गंभीर आहे. मी सर्वेक्षणांवर काम करतो. सभामंडपात वाचन म्हटलं की तिथे मुकादम येणार, सरपंच येणार, ज्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाल्या त्याचा माणूसही येणार. बायका त्यांच्यासमोर खरं बोलतील? आणि तुमचा निष्कर्ष त्यांना नको असेल तर ते 'गावाचं मत' म्हणून तो बदलायला लावतील. आस्थेचा मुद्दा दुरुस्त व्हायला हवा हे खरंच, पण उद्या कुणी म्हणेल आमच्या गावात जातिभेद नाही, ते वाक्य काढा. ते काढणार का? गावातला आवाज एक नसतो.

कोरडवाहू (धागाकर्ती)

नाही काढणार. दुरुस्तीचा हक्क आणि नकाराधिकार यात फरक करायलाच हवा. जिथे गावातल्यांचं आणि माझं पटलं नाही, तिथे दोन्ही बाजू लिहायच्या, कोण काय म्हणालं ते ओळख न उघड करता नोंदवायचं, आणि माझा निष्कर्ष माझ्या जबाबदारीवर ठेवायचा. मुकादमाचं म्हणाल तर ते अगदी खरं आहे. आरोग्याचा भाग मी मंडपात वाचलाच नाही. तो बायकांच्या छोट्या बैठकीत, एकीच्या घरात, पुरुष शेतावर गेल्यावर वाचला.

दवाखाना आणि डोंगर

याला जोडून मेंढा (लेखा) आठवतं. गडचिरोलीतलं हे गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशभर माहीत झालं, पण त्याआधी किती वर्षं तिथे अभ्यास गट चालू होते. बाहेरचा जाणकार बोलवायचा, एका विषयावर बसून बोलायचं, समजून घ्यायचं. निर्णय मात्र अभ्यास गटात नाही, ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. शिकण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची जागा वेगळी. संशोधकानं वाचन करायचं ते अभ्यास गटासारख्या जागी. तिथे हरकत घ्यायला, शंका काढायला मोकळीक असते आणि कुणाला हात वर करावा लागत नाही.

निवृत्त मार्गदर्शक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मुलांनो, तळमळ पाहून समाधान वाटलं. नियमांच्या चौकटीत आज काय करता येईल ते सांगतो, कारण मी पुष्कळ वर्षं त्या समित्यांवर बसलो आहे.

पीएचडीची मौखिक परीक्षा खुली असते. प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थ्यांखेरीज विषयातले इतर जाणकारही तिला बसू शकतात. वीस वर्षं ऊस तोडलेली बाई ऊसतोडीची जाणकार आहे हे कुठलाही सुज्ञ अध्यक्ष मान्य करील. तिला बोलवा, प्रवासखर्च विभागाकडून मागा, आणि मांडणी मराठीत करा. परीक्षकांना आधी कळवलं तर सहसा अडचण येत नाही.

प्रबंध मराठीत लिहिता येतो हे विसरू नका. इंग्रजीत लिहिलात तरी अखेरीस मराठी सारांश जोडायला कुणाची हरकत नसते.

आणि गुणांच्या बाबतीत आत्ता एक संधी आहे. आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीनं प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती काढली. मान्य नियतकालिकांची आयोगाची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, नियतकालिकांची पारख आता विद्यापीठांनी स्वतः करायची आहे. बोगस नियतकालिकांचा धोका त्यात आहेच, पण 'समाजप्रबोधन पत्रिका', 'नवभारत', 'भाषा आणि जीवन', 'अर्थसंवाद' यांसारख्या मराठी नियतकालिकांना विद्यापीठांनी मानाचं स्थान द्यावं, असा आग्रह धरण्याची हीच वेळ आहे. अभ्यासमंडळावर तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर अर्ज द्या. तोंडी बोलू नका, लेखी द्या.

तासिका तत्त्व

सर, अर्जाचा मसुदा मी करतो. कोरडवाहू, मोडीचा रुमाल, जात्यावरची, तुमची एकेक परिच्छेदाची उदाहरणं मला निरोपातून पाठवाल का? गावासमोर केलेल्या वाचनाला विस्तारकार्यात तरी गुण द्या, अशी एक ओळही टाकतो.

जात्यावरची

पाठवते. रविवारपर्यंत.

मोडीचा रुमाल

माझंही. आणि तंजावूरकर, आजींचं नाव, साधारण साल आणि कोण आलं होतं ते आठवत असेल तर मला निरोप करा. दोन-तीन ठिकाणी जुन्या ध्वनिफितींच्या नोंदवह्या बघायला मिळतील, विचारून बघतो.

फडावरचा

ताई, तुमची पुस्तिका झाली की आमच्या गावात पण वाचन ठेवू. माय म्हणाली ती पाच-सहा जणींना बोलवील, आमच्याच घरी बसू. पण दसऱ्याच्या आत या. नंतर गाड्या भरायची धांदल असती, मग कुणी सापडणार नाही. आणि बाजारचा दिवस सोडून या. फोन करून तारीख ठरवू.